डबा सगळ्यांचा, किल्ली तुमची

साताऱ्यात हॉटेल काढताय म्हणे. अभिनंदन. पाटी झाली, फ्रीज आले, वस्ताद मिळाला. राहता राहिला टिपेचा प्रश्न, आणि नवे मालक नेमका तोच किरकोळ समजतात. अहो, सप्टेंबरात कासला फुलं आली की रविवारी पुण्याकडनं गाड्यांची रांग लागते. त्या माणसांना भूक लागलेली असते आणि घरी जायची घाई असते, त्यामुळं सुटे परत घ्यायला थांबत नाहीत. हा पैसा थेट वेटरच्या खिशात गेला, तर आपण चांगलं वाढलं म्हणून तो मिळाला असं त्याला वाटायला लागतं. माणूस बिघडतो तो असा.

म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून समतेवर बोला. बाहेरचा वेटर टिप मिळवतो आणि आत भट्टीपुढं उभा राहणारा कोरडाच राहतो, हा कुठला न्याय? मोरीवरच्या पोराकडं बोट दाखवा. आवाज जरा जड होऊ द्या. (यातला शब्द न् शब्द खरा आहे, म्हणूनच तर हे भाषण इतकं चालतं.) यापुढं सगळी टिप एकत्र, असं जाहीर करा आणि लगेच डबा आणा.

डबा स्टीलचा घ्या, कडी-कोयंड्याचा. झाकणाला चीर पाडून घ्या. दुमडलेली नोट आत जावी, बोट जाऊ नये एवढीच. काउंटरवर गणपतीच्या फोटोखाली ठेवा, तिथं हात घालायला पोरं बिचकतात. कुलपाची एक किल्ली तुमच्याकडं आणि दुसरीही तुमच्याकडं, कारण किल्ल्या हरवतात.

आता वाटप. सरळ डोकी मोजून वाटलं तर गावठी दिसतं, म्हणून पॉइंट पाडा. मॅनेजरला ४, कारण जबाबदारी. कॅप्टनला ३. तुमचा भाचा संध्याकाळी गल्ल्यावर बसून मोबाइल बघतो, त्यालाही ३, कारण घरचं माणूस. चार वेटरना एकेक. वस्तादाला १, तंदूरवाल्याला अर्धा, मोरीवरच्या दोघांना पाव-पाव. बेरीज होते १६. रविवारी डब्यात २,४०० रुपये निघाले तर पॉइंटला १५० पडतात. मॅनेजर ६०० घेऊन जातो, भाचा ४५०, वेटर १५०, आणि ज्याच्या नावानं तुमचा आवाज जड झाला होता त्या पोराच्या हातावर साडेसदतीस. सुटे नसतात, म्हणून पस्तीस द्या. दोघांचे मिळून उरलेले पाच रुपये गणपतीच्या उदबत्तीला.

मात्र २,४०० वाटायला मिळतील हे कुणी सांगितलं? आधी फूटतूट वजा करा. ग्लास फुटतातच. बिल न देता सटकलेलं गिऱ्हाईकही डब्यावर टाका, त्याच्यावर लक्ष ठेवणं वेटरचंच काम होतं. खाडा झालेल्याचा वाटा कापा, पण तो बाकीच्यांत वाटू नका. लोकांना खाड्यांची चटक लागेल.

सगळ्यात मोठी सोय हल्ली क्यूआर कोडनं झाली आहे. बिल १,१४० चं असतं, गिऱ्हाईक १,२०० टाकतं आणि वेटरला म्हणतं, "राहू दे वरचे." राहतात, तुमच्या खात्यात राहतात. धोका एकच, तो साउंडबॉक्स. "एक हजार दोनशे रुपये प्राप्त झाले" असं अख्ख्या हॉटेलाला ऐकू येईल एवढ्यानं ओरडतो, आणि पाच नंबर टेबलाचं बिल किती होतं ते वेटरला पाठ असतं. आवाज कमी करा, नाहीतर सरळ गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.

कायद्याचं भय बाळगू नका. कार्डावरची टिप मालकाकडं फक्त विश्वस्त म्हणून असते, ती कामगारांची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये म्हटलंय खरं, पण ते पंचतारांकित हॉटेलांच्या टीडीएसच्या खटल्यात. वाढे फाट्यावर कोण निकालपत्र वाचत बसतंय? बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये बजावलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. आपण कशाला लावू? आपल्याकडं डबा आहे. इंग्लंडात तर १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपेतला पैसा मालकाला स्वतःकडं ठेवता येत नाही, वाटप न्याय्य करावं लागतं आणि त्याची नोंद तीन वर्षं जपावी लागते. इंग्रज उगाच गेले नाहीत इथनं. आपली नोंद दूधवाल्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं.

नवा माणूस ठेवताना मात्र टिप मोकळ्या मनानं पगारात धरा. "पगार एवढाच, पण वरनं टिप मस्त सुटते बघ." किमान वेतनाचा तक्ता दर्शनी भागात असावा लागतो, फ्रीजमागची भिंतही दर्शनीच, फ्रीज सरकवला तर.

दिवाळीत हात सैल सोडा. डब्यातल्याच पैशांतून प्रत्येकाला पाव किलो कंदी पेढे घ्या आणि वर "मालकांकडून सप्रेम" असं लिहा. फोटो काढून स्टेटसला ठेवा. पेढे वाटून झाल्यावर त्या आठवड्याचा डबा उघडायची गरज पडत नाही.

एवढं करूनही एखादा धीट वेटर रात्री शटर ओढता ओढता विचारतोच, "शेठ, या महिन्याचा डब्याचा हिशेब बघू का?" चिडू नका. "बघ की बाळा," म्हणा आणि उचलीची वही काढा. बहिणीच्या लग्नाला घेतलेले, गावाकडं पत्रे टाकायला घेतलेले, सगळे आकडे तारीखवार, पेनानं, खाली त्याची सही.