दोन्ही किल्ल्या साहेबांकडे

ऑनलाइन साठवणुकीची 15 जीबीची फुकट जागा भरल्याची लाल पट्टी मोबाइलवर झळकली, तेव्हा पैसे मोजण्यापेक्षा साफसफाई बरी, या आमच्या घराण्याच्या शिरस्त्यानुसार मी रविवारी सकाळीच कामाला बसलो. आत पाहतो, तर माझे अख्खे चरित्र मांडून ठेवलेले: आधार, पॅन, वडिलांच्या जमिनीचा सातबारा, माझ्या साखरेचे रिपोर्ट, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि सुप्रभात म्हणणारी चारशे गुलाबे.

हे सारे आपण कोणाच्या भरवशावर ठेवले आहे, हे पाहण्यासाठी मी कंपनीचे गोपनीयता धोरण प्रथमच वाचायला घेतले. त्याला माझी संमती फार पूर्वीच, एका सेकंदात, देऊन झाली होती. भाजीवालीने सांगितलेल्या भावालाही मी इतक्या चटकन मान डोलावत नाही. फायली एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलपात, ठेवतो, असे त्यात लिहिले होते. मी निश्चिंत होणार, इतक्यात बँकेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या नानांनी विचारले, "किल्ली कोणाकडे असते?" बँकेच्या लॉकरला एक किल्ली गिऱ्हाइकाची आणि एक बँकेची लागते, आणि आपली किल्ली फिरवून झाली की बँकेचा माणूस बाहेर जातो. इथे मात्र दोन्ही किल्ल्या साहेबांकडे, वर "विनाकारण उघडणार नाही" हे आश्वासन! किल्ली फक्त गिऱ्हाइकाकडे ठेवणाऱ्या सेवाही आहेत, पण तिथे ती हरवली की कंपनीही हात वर करते. आणि मी तर महिन्याला एक पासवर्ड विसरणारा माणूस.

नाना म्हणाले, "2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत संमतीची विनंती वाचण्याची सोय आहे. तुम्ही मराठीत मागा." ते मराठी सरकारी परिपत्रकाचे निघाले तर काय, या धास्तीने मी इंग्रजीवरच थांबलो.

चेहरे ओळखण्याची सोयही त्या सेवेत होती. माझा कॉलेजातला फोटो आणि परवाचा फोटो शेजारी ठेवून तिने विचारले, "ही एकच व्यक्ती आहे का?" मी उत्तर देण्याआधीच सौभाग्यवतींनी 'नाही' दाबले.

अखेर जिवावर उदार होऊन सगळे पुसून टाकले. पट्टी लालच! पुसलेले सामान 30 दिवस कचरापेटीत राहते आणि तो कचराही माझ्याच 15 जीबीत मोजला जातो, हा शोध तेव्हा लागला. पेटी रिकामी करणार, तोच मुलाचा कॉलेजातून फोन आला, "बाबा, आधारची कॉपी आत्ता पाठवा, खिडकी बंद होतेय!" घाईघाईत कचरापेटीत हात घातला आणि 'सर्व परत आणा' दाबले गेले. आधार आले, सातबारा आला, साखर आली आणि त्यांच्यामागोमाग एकेक करून चारशे गुलाबेही उमलली.