डच गोल्ड म्हणे तुक्का होतं!

पॅरिस ऑलिम्पिकपासून एक पोस्ट फिरतेय, जरा कुठे बास्केटबॉलचा विषय निघाला की कोणीतरी ती परत चिकटवतंच. त्यात लिहिलंय की नेदरलँड्स हा फुटबॉल-हॉकीवाला देश, बास्केटबॉलचा इतिहास शून्य, कोच म्हणजे एनबीएचं (अमेरिकेची मोठी बास्केटबॉल लीग) तोंड न पाहिलेले रिटायर्ड प्लेयर, 3x3 मध्ये (नेहमीच्या पाचऐवजी तीन-तीन जणांचं बास्केटबॉल) एक शॉट बसला म्हणून गोल्ड मिळालं, आणि कोच तर बेंचवर नव्हताच.

इतिहास शून्य? 1983 च्या युरोबास्केटला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या बास्केटबॉल स्पर्धेत, हेच लोक चौथे आले होते. हां, 1989 नंतर पार गायब झाले, हे खरंय.

आता कोचचं. पॅरिसच्या कोचचं नंतर सांगतो, आधी डच टीमचा जुना कोच घ्या. टोन फान हेल्फ्टेरेन हे नाव आपल्याकडे कोणी ऐकलेलं नसणार, पण हा माणूस सत्तरच्या दशकात नॅशनल टीमकडून खेळला, मग कोचिंगमध्ये आला, आणि 2011 ला त्याच्या लायडन क्लबने डच लीग जिंकली ती कशी, तर फायनलची सातवी मॅच, समोर ग्रोनिंगेन, एक नाही दोन नाही तीन ओव्हरटाइम आणि स्कोअर 96-95. आख्खा सीझन एका पॉइंटवर! 2013 ला परत टायटल. त्यानंतर नॅशनल टीम हातात घेतली आणि 26 वर्षांनी, 2015 ला, डच टीम युरोबास्केटला दिसली. झाग्रेबला पहिलीच मॅच जॉर्जियाशी, ज्यांच्याकडे एनबीएवाला झाझा पाचुलिया, आणि ती डचांनी 73-72 ने काढली, शेवटचा शॉट चार्लन क्लूफचा. पुढच्या चारही मॅच हरले आणि घरी गेले, हे पोस्टवाले आवर्जून सांगतील, सांगू देत. ज्यांना हरवलं ती जॉर्जिया मात्र पुढच्या राउंडला गेली. एनबीए खेळलेलं नसलं की कोचिंग येत नाही हा कुठला नियम?

"एक शॉट बसला" हे तर अर्धवट आहे. फायनलला दहा मिनिटांनंतर फ्रान्सशी 16-16 बरोबरी, ओव्हरटाइममध्ये जो आधी दोन पॉइंट करेल तो जिंकला. फ्रान्सने एक केला, 17-16, सगळं पब्लिक त्यांचं, आणि तेव्हा वर्दी डी योंगने आर्कच्या (बास्केटपासून लांब आखलेल्या अर्धगोल रेषेच्या) बाहेरून टाकला, तिथून दोन मिळतात, 18-17, खल्लास. आता हा डी योंग कोण? 2011 च्या त्या लायडन टीममधला, 2015 ला झाग्रेबलाही हाच. पॅरिसच्या चौघांतला आर्विन स्लाख्टरपण झाग्रेबला होता. गोल्ड फान हेल्फ्टेरेनमुळे मिळालं असं मी म्हणत नाहीये, पॅरिसचा कोच आरोन रोये होता (तोही आधीचा प्लेयरच), पण आभाळातून पडलेली पोरं नव्हती ही. टोकियोला पाचवे आले होते, ते कोणाला आठवत नाही.

राहिलं बेंचचं. अरे बाबांनो, 3x3 चा नियमच आहे तो! मॅच चालू असताना कोचला कोर्टजवळ येता येत नाही, स्टँडमधून ओरडून सांगणंही चालत नाही. शॉट क्लॉक (शॉट टाकायला मिळणारा वेळ) 12 सेकंदांचा, टाइमआउट एकच, सब्स्टिट्यूट एकच, कधी कोण बाहेर जाणार हे पण प्लेयरच ठरवतात, म्हणजे कोचचं जे काही काम ते प्रॅक्टिसमध्येच करून ठेवावं लागतं. आणि त्या दिवशी फ्रान्सचा कोचपण बेंचवर नव्हता बरं का, ते कोणी लिहीत नाही.