आरशाच्या मुद्द्याबद्दल

तुमची प्रतिक्रिया वाचली. माध्यमं म्हणजे समाजाचा आरसा, घरात बाईच राबते म्हणून जाहिरातीतही तीच दिसते, आणि मी मात्र कायम बायकांचीच बाजू घेते, असं तुमचं म्हणणं. मला हे पटत नाही.

आरसा समोर येईल ते दाखवतो, माध्यमं निवडून दाखवतात. बातम्यांचंच बघा. जगभरच्या बातम्या तपासणाऱ्या 'ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट'च्या १९९५ च्या पाहणीत, ज्यांच्याविषयी बातमी असते किंवा ज्यांचं म्हणणं तिच्यात येतं अशा लोकांत बायका होत्या १७ टक्के. २०२० मध्ये २५. जगात बायका जवळपास निम्म्या आहेत, मग उरलेल्या या आरशातून गेल्या कुठे?

जाहिरातींत तर जे घरात नाही तेही घुसवतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी सत्तरच्या दशकात छापील जाहिरातींतले हात निरखून पाहिले. पुरुषाचा हात वस्तू पक्की धरतो, वापरतो. बाईची बोटं वस्तूवरून नुसती हलकेच फिरतात. भांडी घासणारी, रडणारं मूल उचलणारी कुठली बाई असं धरते? ही बोटं कॅमेऱ्यासाठी तशी ठेवलेली असतात.

'मग बाईला घरकाम करताना दाखवायचंच नाही का?' असंही तुम्ही विचारलंय. जरूर दाखवा. ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून जाहिरातींत स्त्री-पुरुषांविषयीचे घातक साचे वापरायला मनाई आहे, पण साफसफाई करणारी बाई दाखवायला नाही. आक्षेप आहे तो घरचे पसारा घालताहेत, पुरुष पाय पसरून बसलाय आणि आवरायचं एकट्या बाईनं, अशा चित्राला.

आता बाजू घेण्याबद्दल. या नियमाखाली पहिल्यांदा बंद झालेल्या दोन जाहिरातींपैकी एक मोटारीची होती: अंतराळवीर पुरुष, कृत्रिम पायानं लांब उडी मारणारा खेळाडू पुरुष, आणि बाई बाबागाडीशेजारी बाकावर बसलेली. दुसरी चीजची. तिच्यात दोन बाप खाण्यात इतके रमतात की त्यांची बाळं सरकत्या पट्ट्यावरून पुढे निघून जातात. ही दुसरी मला जास्त लागली. मुलांना न्हाऊमाखू घालणारे, रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरणारे बाप मी पाहिले आहेत, आणि त्यांना असं बावळट ठरवलेलं मला मुळीच चालत नाही.