बार पास, ब्रॅकेट तुटलं : शिरोलीच्या वाचकांना उत्तर

कास्ट आयर्नच्या चाचण्यांवरच्या मागच्या लेखावर शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्या वाचकांनी चांगलंच झाडलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : "टेन्साइलचा (ओढून तोडायचा) बार म्हणजे कागद भरायचं काम. आमचा बार २६० एमपीएच्या वर जातो, सर्टिफिकेट निघतं आणि गिऱ्हाइकाकडे ब्रॅकेट बॉसपाशी, म्हणजे जाड फुगीर भागापाशी, तुटतं. जुने मिस्त्री वेज (पाचरीच्या आकाराचा ओतलेला नमुना) फोडून, तोंड बघून माल सांगायचे. आणि कॉम्प्युटरवरची ताणाची रंगीत चित्रं निव्वळ शोभेची."

साहेब, बार पास होणं आणि ब्रॅकेट तुटणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आयएस २१० (ग्रे आयर्नचं भारतीय मानक) प्रमाणे वेगळा ओतलेला ३० मिमीचा बार लॅडलमधल्या, म्हणजे ओतायच्या भांड्यातल्या, धातूची परीक्षा घेतो. ब्रॅकेटची तो घेतच नाही.

हिशेब करून बघा. धातू थिजायला लागणारा वेळ आकारमान भागिले पृष्ठभाग या आकड्याच्या वर्गावर ठरतो. लांब गोल बारसाठी हा आकडा व्यासाच्या चौथा हिस्सा, म्हणजे ७.५ मिमी. सपाट भिंतीसाठी जाडीच्या निम्मा. म्हणजे तुमचा बार थिजतो तो १५ मिमी जाडीच्या भिंतीसारखा. बॉस ४० मिमी जाड असेल तर त्याचा आकडा २०, आणि वेळ बारच्या सात पट. शेजारची ६ मिमीची रिब (पातळ पट्टी) बारच्या साधारण सहाव्या हिश्श्यात थिजते. लॅडल एकच, माल तीन. बॉसमध्ये ग्राफाइटच्या पाकळ्या लांब आणि जाड होतात, फेराइट (लोखंडातला मऊ भाग) वाढतं, ताकद उतरते. रिबमध्ये उलट चिल, म्हणजे लवकर निवल्याने पांढरं, ठिसूळ लोखंड येण्याची भीती. २६० हा आकडा फक्त बारचा, तो बॉसला चिकटवला की गडबड झालीच.

त्यातून बार कधी ओतला हेही बघा. इनॉक्युलंटचा (ग्राफाइट नीट यावं म्हणून धातूत घालतात त्या मिश्रणाचा) असर आठ-दहा मिनिटांत बराच ओसरतो. लॅडल भरल्या भरल्या बार ओतला आणि तुमचं ब्रॅकेट शेवटच्या साच्यात असेल, तर दोघांचं ग्राफाइट सारखं येणार नाही. बार शेवटी ओतायची सवय लावा. सर्टिफिकेटवरचे आकडे थोडे उतरतील, पण खरे असतील. नॉकआऊटचीही, म्हणजे साचा फोडून माल काढण्याचीही, घाई नको. बार साधारण ५०० डिग्रीपर्यंत साच्यातच निवू द्यायचा असतो. लाल असतानाच बाहेर काढला तर तो लवकर निवतो, पर्लाइट (कडक भाग) जास्त येतं आणि आकडा उगाच चढतो.

मशीनवरची चूक मात्र बहुतेक वेळा उलट्या दिशेची असते. २० मिमीला टर्न केलेल्या बारचं क्षेत्रफळ ३१४ चौ. मिमी, त्यामुळे २६० एमपीएला ८१.७ किलोन्यूटन, म्हणजे सव्वाआठ टनांच्या आसपास लोड लागतो. लोडची रेषा बारच्या मध्यापासून पाव मिमी जरी सरकली, तरी सरळ हिशेबाने एका कडेला ताण दहा टक्के वाढतो. स्टील असतं तर यील्ड होऊन, म्हणजे तिथे थोडं ताणलं जाऊन, सावरलं असतं. कास्ट आयर्न सावरत नाही, तिथूनच फुटतं. म्हणून धरायला साधे पाचरीचे (वेज) ग्रिप नकोत. आटे पाडलेली टोकं आणि आपोआप सरळ होणारी बैठक हवी. बार खांद्यातच तुटला तर तो आकडा सोडून द्या.

आता वेजबद्दल. मिस्त्री बरोबरच होते. पांढरं तोंड किती मिमी आलं यावरून चिलचा कल कळतो आणि ओतण्याआधी सिलिकॉन किंवा इनॉक्युलंट वाढवता येतो. हे काम बार करूच शकत नाही. तो मशीनवर जाईपर्यंत ओतकाम उरकलेलं असतं. पण वेजचं तोंड राखाडी आलं म्हणजे बॉसची ताकद कळली, असं होत नाही. ती बघायची तर एक ब्रॅकेट बळी द्या. बॉसमधून तुकडा हॅकसॉने किंवा कूलंट सोडून कापा. गॅसने नको, उष्णतेने आतली रचना बदलते. जागा असेल तर १० मिमी व्यासाचा बार काढून ओढा. उरलेल्या तुकड्यावर ब्रिनेल (कडकपणाची चाचणी) घ्या, १० मिमीचा गोळा आणि ३००० किलो लोड. ठशाचा व्यास ४.० मिमी म्हणजे २२९ एचबी, ४.२ म्हणजे २०७, ४.५ म्हणजे १७९. दहाव्या हिश्श्याच्या मिलिमीटरला दहा-बारा एचबी जातात, तेव्हा ठसा आडवा-उभा दोन्हीकडून मोजा आणि कडेपासून निदान अडीच ठसे आत ठेवा. मग पॉलिश करून एचिंग न करता (आम्ल न लावता) शंभर पटीत ग्राफाइट बघा, त्यानंतर दोन टक्के नायटलचं आम्ल लावा. क्रम उलटा केला तर पाकळ्यांचा प्रकार नीट ओळखू येत नाही.

रंगीत चित्रांवरचा तुमचा राग मला पटतो, पण तो चुकीच्या ठिकाणी निघालाय. बहुतेक चित्रं व्हॉन मायसेस नावाच्या एकत्रित ताणाची असतात आणि ती यील्ड होणाऱ्या स्टीलसाठी. ग्रे आयर्न दाबात ओढीपेक्षा तीन-चार पट सोसतं. कोपऱ्यात ३०० एमपीए दाब असला तर चित्र लालभडक, आणि तिथे काही होत नाही. पलीकडच्या फिलेटला (गोलाई दिलेल्या कोपऱ्याला) १८० ओढीचा ताण असतो, चित्र पिवळं, आणि ब्रॅकेट तिथेच जातं. मॅक्सिमम प्रिन्सिपल स्ट्रेस, म्हणजे त्या जागचा सर्वात मोठा ओढीचा ताण, काढायला सांगा आणि त्याची तुलना बॉसमधून काढलेल्या बारच्या आकड्याशी करा. अॅन्सिस, अबॅकस या ताण काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कास्ट आयर्नसाठी वेगळं मटेरियल मॉडेल आहे, ते फारसं कुणी उघडत नाही. आणखी एक, इलॅस्टिक मॉड्युलस (ताठपणाचा आकडा) स्टीलचा २१० गिगापास्कल तसाच राहिलाय का बघा. २६०च्या ग्रेडला तो ११०च्या आसपास असतो. तसाच राहिला तर ब्रॅकेट प्रत्यक्षापेक्षा कडक दिसतं आणि बोल्टवर किती भार येतो याचा हिशेब चुकतो.

सॉलिडिफिकेशनचं (साच्यात धातू कसा थिजतो ते दाखवणारं) सॉफ्टवेअर थोडक्यात : त्यात ओतायचं तापमान १३८० डिग्री भरलं आणि शेवटचा साचा १३००ला ओतला, तर ते दुसऱ्याच कास्टिंगचं चित्र आहे.

तुमच्या तुटलेल्या ब्रॅकेटचे तुकडे अजून असतील तर दोन्ही तोंडं एकमेकांवर बसवून बघू नका, वायरब्रशही मारू नका. वाळवून वेगवेगळ्या कागदात गुंडाळा. तोंडावर स्पंजासारखा काळसर पट्टा असेल तर बॉसमध्ये श्रिंकेज (थिजताना पडलेली पोकळी) आहे, फीडिंग, म्हणजे थिजताना तिथे धातू पुरतो का, ते बघा. तोंडाचा काही भाग गंजलेला आणि बाकी चकचकीत असेल तर चीर आधीपासून होती. निळसर-काळी पपडी असेल तर ती फौंड्रीतच, माल गरम असताना पडली. आणि सगळं तोंड एकसारखं राखाडी, भरड दाण्याचं दिसलं, तर आधी बॉसचा बार ओढा, ड्रॉइंगला नंतर हात लावा.