लायडारच्या चाचण्यांना ‘नाटक’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

स्वयंचलित गाड्यांवर बसवल्या जाणाऱ्या लायडार, म्हणजे लेझरच्या प्रकाशाने आसपासच्या वस्तूंचे अंतर मोजणाऱ्या सेन्सरविषयी एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर गटागटांतून फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: लायडारच्या प्रयोगशाळेतील चाचण्या म्हणजे निव्वळ नाटक आहे, बंद खोलीत दोनशे मीटरचा रस्ता मावत नाही, तिथले धुके म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये सोडतात तसला धूर आणि पाऊस म्हणजे शॉवर, अशा चाचण्यांत उत्तीर्ण झालेल्या लायडारला २०१८ साली अमेरिकेत समोरून जाणारी बाई दिसली नाही आणि ती मेली, या लेझरने लोकांचे डोळे जातात, तेव्हा प्रयोगशाळा बंद कराव्यात आणि गाड्या थेट रस्त्यावर सोडाव्यात, कारण तीच खरी परीक्षा. माझी भाची अशाच एका चाचणी प्रयोगशाळेत काम करते. हा संदेश तिच्या आजोबांपर्यंत पोहोचला आणि आपली नात लोकांच्या फसवणुकीत सामील तर नाही ना, अशी शंका त्यांच्या मनात आली. एका सज्जन वृद्ध माणसाच्या मनात ही शंका ज्याने पेरली, त्याने चार ओळी तपासून पाहण्याचे कष्टही घेतलेले नाहीत.

पहिला आक्षेप अंतराचा. लायडार अंतर मोजतो म्हणजे प्रत्यक्षात वेळ मोजतो: लेझरचा स्पंद निघाल्यापासून वस्तूवर आपटून परत येईपर्यंत किती नॅनोसेकंद गेले, यावरून तो अंतर काढतो. दोनशे मीटरवरच्या वस्तूपर्यंत जाऊन परत यायला प्रकाशाला सुमारे १,३३४ नॅनोसेकंद लागतात. काचेच्या तंतूत प्रकाश सावकाश, म्हणजे सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर या वेगाने जातो. त्यामुळे सुमारे २७० मीटर लांबीच्या ऑप्टिकल फायबरमधून स्पंद फिरवून परत पाठवला की सेन्सरपुरते ते दोनशे मीटरचे अंतर झाले. या फायबरचे वेटोळे टेबलावरच्या लहानशा पेटीत मावते. अंतराबरोबर परतणारा प्रकाश क्षीण होतो, काळे कपडे घातलेल्या माणसाकडून तर फारच थोडा परत येतो. ही घट प्रकाश मंद करणारे फिल्टर लावून आणि फक्त दहा टक्के प्रकाश परावर्तित करणारे प्रमाणित फलक वापरून हवी तेवढी आणता येते. एकट्या फायबरने संपूर्ण रस्त्याचे दृश्य उभे राहत नाही हे खरे, पण तसा दावा कोणी केलेलाही नाही.

धुक्याचा आक्षेप तर सरळ चुकीचा आहे. जपानमध्ये त्सुकुबा येथे जपान ऑटोमोबाईल रिसर्च इन्स्टिट्यूटचे दोनशे मीटर लांबीचे बंदिस्त चाचणी दालन आहे. तिथले धुके पाण्याचेच असते, त्यातील थेंबांचा आकार सुमारे ७.५ मायक्रोमीटर असतो आणि दृश्यमानता ठरवून कमीजास्त करता येते. फ्रान्समध्ये क्लेर्मों-फेराँ येथे सेरेमा या सरकारी संस्थेचे सुमारे तीस मीटर लांबीचे असेच दालन आहे, जिथे दृश्यमानता दहा मीटरपर्यंत खाली आणता येते. थेंबाच्या आकाराची एवढी काळजी घेण्याचे कारण असे, की प्रकाश कसा आणि किती विखुरतो हे थेंबाचा आकार आणि लेझरची तरंगलांबी यांच्या प्रमाणावर ठरते. धुराचे कण बहुतांशी याहून कितीतरी बारीक असल्याने धूर वापरला तर मोजमापच चुकेल, आणि हे या क्षेत्रातल्या लोकांना संदेश लिहिणाऱ्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. हवामानशास्त्रात धुक्यातील दृश्यमानतेचे मापही नेमके असते: ज्या अंतरावर प्रकाशाचा केवळ पाच टक्के भाग शिल्लक राहतो, ते अंतर. लायडारच्या प्रकाशाला जाऊन परतही यायचे असते, म्हणजे पन्नास मीटर दृश्यमानतेत पन्नास मीटरवरच्या वस्तूकडून एरवी जेवढा प्रकाश परत आला असता, त्याचा चारशेवा हिस्साच हाती लागतो. हा हिशेब आधी मांडून, मग दालनात तेवढेच धुके सोडून, सेन्सर त्या हिशेबाला उतरतो की नाही ते पाहणे, याला नाटक म्हणणाऱ्याने परीक्षा कशाला म्हणायची ते सांगावे.

पावसाच्या बाबतीत मात्र संदेशात अर्धे सत्य आहे, आणि ते मान्य करावे लागेल. त्सुकुबाच्या दालनात ताशी ३०, ५० आणि ८० मिलिमीटर पाऊस पाडता येतो, म्हणजे कोकणातल्या जोरदार सरीही या टप्प्यात बसतात. पण छतातून सुटणाऱ्या थेंबाला आकाशातून येणाऱ्या थेंबाचा वेग गाठायला पुरेशी उंची मिळत नाही, आणि फवारे ठरावीक जागी असल्याने पाणी सगळीकडे सारखे पडत नाही. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली ‘लिब्रे’ या नावाने दहा वेगवेगळ्या लायडारांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यात फवाऱ्यांखालचे पाणी काही सेन्सरांना उभ्या खांबांसारखे दिसल्याचे आढळते. ही उणीव चाचणी घेणाऱ्यांनीच शोधली आणि उघड केली. नाटक करणारे आपल्या पडद्याची भोके स्वतःहून दाखवत नाहीत.

डोळ्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. रस्त्यावरच्या गाड्यांतील लायडार लेझर सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकातील पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित वर्गात बसतील असेच बनवले जातात. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र काही लायडारांच्या अगदी जवळ धरल्यास बिघडू शकतो, आणि व्होल्वोने तशी सूचना ग्राहकांना दिलेली आहे.

आता त्या मृत्यूविषयी. १८ मार्च २०१८ रोजी रात्री दहाच्या सुमारास ॲरिझोना राज्यातील टेंपी शहरात, सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उबरच्या चाचणी-गाडीने धडक दिली आणि तिचा जीव गेला. ‘लायडारला ती दिसली नाही’ असे संदेश छातीठोकपणे सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ साली पूर्ण केलेला तपास नेमके उलटे सांगतो. धडकेच्या ५.६ सेकंद आधी रडारने आणि ५.२ सेकंद आधी लायडारने तिची नोंद घेतली होती. ताशी सुमारे सत्तर किलोमीटर वेगाच्या त्या गाडीपासून ती तेव्हा साधारण शंभर मीटरवर होती. पुढे जे बिघडले ते संगणक प्रणालीत. तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘अन्य’ ठरवले गेले, आणि प्रत्येक वेळी वर्ग बदलला की तिच्या हालचालीची आधीची नोंद बाजूला पडत गेली, त्यामुळे ती गाडीच्या वाटेत येते आहे हे प्रणालीला वेळेत उमगले नाही. झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी पायी रस्ता ओलांडेल ही शक्यताच त्या प्रणालीत धरलेली नव्हती. उबरची ती गाडी मूळची व्होल्वो कंपनीची होती; तिची मूळ आपत्कालीन ब्रेकची यंत्रणा स्वयंचलित चालनाच्या वेळी बंद ठेवलेली होती, आणि गाडीवर लक्ष ठेवण्यासाठी बसवलेली व्यक्ती आपला मोबाईल पाहत होती. म्हणजे सेन्सरने आपले काम केले होते.

पण या मुद्द्यातली सर्वांत गंभीर गोष्ट वेगळीच आहे. ती गाडी त्या रात्री रस्त्यावर काय करत होती? चाचणीच करत होती, आणि तीही खुल्या सार्वजनिक रस्त्यावर, ज्यांना कोणी विचारले नव्हते अशा लोकांमध्ये. म्हणजे संदेश ज्या ‘खऱ्या परीक्षे’ची मागणी करतो, तिच्याच ओघात ती महिला मेली. तिच्या मृत्यूचा दाखला देऊन आणखी न तपासलेल्या गाड्या रस्त्यावर आणा म्हणणे हे निव्वळ अज्ञान नाही, ते घातक आहे. सायकल ढकलत रस्ता ओलांडणारा माणूस बंद आवारात पुतळा वापरून शेकडो वेळा उभा करता येतो, अंधारात, उजेडात, धुक्यात, आणि चूक झाली तर पुतळा बदलता येतो.

‘फक्त रस्ता’ या मागणीचे गणितही कोणी केलेले दिसत नाही. रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१६ साली ते केले. स्वयंचलित गाड्यांच्या जीवघेण्या अपघातांचे प्रमाण अमेरिकेतल्या मानवी चालकांपेक्षा अधिक नाही, हे ९५ टक्के खात्रीने सांगायचे तर त्यांना एकही जीव न घेता सुमारे ४४ कोटी किलोमीटर चालावे लागेल. शंभर गाड्या रात्रंदिवस, वर्षभर, ताशी चाळीस किलोमीटरने चालवल्या तरी याला साडेबारा वर्षे लागतात. त्यातही हवे तसले धुके हव्या त्या दिवशी पडत नाही, आणि एकदा पडलेले पुन्हा तसेच पडत नाही, म्हणून दोन सेन्सरांची एकाच धुक्यात तुलना करायची सोय रस्त्यावर नाही.

प्रयोगशाळा पुरेशी आहे असे म्हणणारा जबाबदार संशोधक मला आढळलेला नाही. नागोयाच्या त्या संशोधकांनी तेच दहा लायडार आधी ठाऊक अंतरावरच्या स्थिर लक्ष्यांसमोर, मग त्सुकुबाच्या दालनात धुके, पाऊस आणि प्रखर प्रकाश यांमध्ये, आणि शिवाय शहराच्या रस्त्यांवर वेगवेगळ्या वेळी चालवून पाहिले. या तिन्ही प्रकारच्या चाचण्यांच्या नोंदी त्यांनी इतर संशोधकांना वापरण्यासाठी खुल्या ठेवल्या आहेत.