‘सिग्नलचा अर्थच चुकीचा छापलाय’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

दोन स्टार दिलेत, त्याबद्दल तक्रार नाही. निम्मी चूक आमचीच आहे, उरलेल्या निम्मीबद्दल मात्र बोलायला हवं.

तुमचं म्हणणं असं की, मॉडेल रेल्वेसाठीच्या आमच्या एचओ स्केलच्या (1:87 मापाच्या) ‘अमेरिकन सिग्नल’ सेटमधल्या पत्रकात उघडझाप करणाऱ्या पिवळ्याला ‘ॲडव्हान्स अप्रोच’ आणि लालखालच्या हिरव्याला ‘मीडियम क्लिअर’ म्हटलंय. बीएनएसएफ या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या तक्त्यात हेच अनुक्रमे ‘अप्रोच मीडियम’ आणि ‘डायव्हर्जिंग क्लिअर’ आहेत. म्हणजे ‘यांना सिग्नलमधलं ओ की ठो कळत नाही’. शिवाय पिवळा दिवा लग्नाच्या माळेसारखा लपलपतो.

आपल्याकडे रेल्वेचे जनरल रूल्स देशभर एकच. दोन पिवळे म्हणजे ‘अटेन्शन’, मग गाडी मिरजेत असो की गुवाहाटीत. अमेरिकेत तसं नाही, तिथे दिव्यांचा तक्ता कंपनीगणिक बदलतो. ईशान्येकडच्या बऱ्याच रेल्वे ‘नोरॅक’ हे सामायिक पुस्तक वापरतात आणि त्यात सिग्नल वेग सांगतो: लालखाली हिरवा म्हणजे रूळ बदलायच्या सांध्यांवरून ताशी 30 मैलांच्या आत. बीएनएसएफ आणि युनियन पॅसिफिक या कंपन्यांच्या रुळांवर तोच लाल-हिरवा वाट सांगतो, की गाडी बाजूच्या लाइनला चाललीय. त्या सांध्याला किती वेग चालतो, ते चालकाला आधीच ठाऊक असायला हवं.

पण त्या दोघींचंही सगळं जुळत नाही. उघडझाप करणारा पिवळा बीएनएसएफवर सांगतो: पुढचा सिग्नल ताशी 40 मैलांच्या आत ओलांड, बाजूच्या लाइनला वळायची तयारी ठेव. युनियन पॅसिफिकवर तोच ‘ॲडव्हान्स अप्रोच’ असतो आणि म्हणतो: दुसऱ्या सिग्नलला थांबायच्या तयारीनं चल.

आता रिव्ह्यूसोबतचा तुमच्या मॉडेलचा फोटो. खाली बोगदा, वर वेटोळं घेऊन त्याच बोगद्यावरून जाणारी लाइन, शेजारी ‘वेलाँग’ची पाटी. म्हणजे कॅलिफोर्नियातलं 1876 चं टेहॅचपी लूप. (डोंगर फार सुरेख जमलाय.) इंजिन बीएनएसएफचं नारिंगी असलं तरी तो रूळ युनियन पॅसिफिकचा. बीएनएसएफच्या गाड्या तिथे करारानं धावतात आणि सिग्नल रूळमालकाचेच पाळतात. तेव्हा तुमच्या लेआउटवर ‘ॲडव्हान्स अप्रोच’च बरोबर. यात आमची हुशारी काही नाही. आम्ही छापला होता नोरॅकचा तक्ता, त्यातही पिवळ्याला तेच नाव आहे म्हणून निभावलं.

‘मीडियम क्लिअर’ मात्र तिथे सरळ चूक. वेलाँगच्या साइडिंगला, म्हणजे बाजूच्या लाइनला, गाडी घेताना लाल-हिरवा दिसला तर तो ‘डायव्हर्जिंग क्लिअर’च. मुळात खोक्यावर नुसतं ‘अमेरिकन सिग्नल’ छापून कोणत्या कंपनीचा ते न सांगणं हाच आमचा गाढवपणा. नव्या खोक्यात तिन्ही तक्ते वेगवेगळे येतील. तुमचे आजच कुरिअर करतो, पैसे नकोत.

लपलपण्याचं म्हणाल तर सिग्नलचा सर्किट बोर्ड पालथा करा. कोपऱ्यात निळा चौकोनी तुकडा आहे, त्यावर पितळी स्क्रू. घड्याळजीचा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन डावीकडे अर्धा फेरा द्या, जोर लावू नका. सेकंदाला साधारण एक उघडझाप झाली की सोडा. तरीही माळच वाटली, तर बोर्ड परत पाठवा, बदलून देतो.