तातडीच्या फाइली तेवढ्या गायब

विंडोजला एकामागोमाग एक कमांड देणारी मजकूर फाइल म्हणजे बॅच फाइल; तिच्यातील विशेष चिन्हांचा जाच ज्याने सोसला आहे, त्याला मी नव्याने काही सांगायला नको. परंतु या आठवड्यात म्हापशातील आमच्या वकिली कचेरीत जे घडले ते पोटात ठेवणे मला शक्य नाही. संगणकाची डिस्क गेली, आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून फाइली परत आणल्या, आणि परत आलेल्या फोल्डरांत सर्व काही जागच्या जागी होते. नव्हत्या त्या फक्त नावात उद्गारचिन्ह असलेल्या फाइली. कचेरीत फाइलीच्या नावाला उद्गारचिन्ह कशासाठी लागते? ज्या प्रकरणाची तारीख उद्यावर आली आहे, ज्यावर संध्याकाळी उशिरापर्यंत काम झाले आहे, ज्याचा मसुदा वकीलसाहेबांनी स्वतः तपासून दिला आहे, त्यालाच आमच्या टायपिंग करणाऱ्या ताई उद्गारचिन्ह लावतात. म्हणजे वर्षानुवर्षे रोज रात्री चालणाऱ्या या बॅकअपने जुन्यापुराण्या पत्रव्यवहाराच्या प्रती इमानेइतबारे घेतल्या आणि ज्यासाठी बॅकअप ठेवायचा, तेवढेच नेमके वगळले.

घात कुठे झाला हे तुम्ही ओळखलेच असेल. बॅकअप घेणारी ती बॅच फाइल आमच्याकडे पूर्वी काम करणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिली होती आणि त्यांच्यावर बोट ठेवण्याची माझी मुळीच इच्छा नाही. लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागात, दर फेरीला बदलणारी किंमत हवी होती, म्हणून त्यांनी वरच्या ओळीत डिलेड एक्सपान्शन (दोन उद्गारचिन्हांमधल्या नावाची किंमत त्या त्या क्षणी भरण्याची सोय) चालू केले. सेट कमांडची मदत उघडली तर तिथे हाच मार्ग दाखवलेला आहे. मग त्यांनी फाइलीचे नाव व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत साठवायच्या नामांकित जागेत, ठेवले, अवतरणचिन्हेही व्यवस्थित घातली. तरीही लूप चालवणाऱ्या फॉर कमांडने दिलेले नाव आधी उलगडते आणि उद्गारचिन्हांची तपासणी त्यानंतर होते, त्यामुळे नावातले एकटे उद्गारचिन्ह गुपचूप काढून टाकले जाते, आणि दोन असतील तर त्यांच्या मधला मजकूर हेच एखाद्या व्हेरिएबलचे नाव आहे असे समजून तो मजकूरही चिन्हांसकट पुसला जातो. अशा भादरलेल्या नावाची फाइल डिस्कवर नसते, कॉपी कमांड तसे सांगते, ते सांगणे नलमध्ये, म्हणजे कोणालाच न दिसणाऱ्या पोकळीत, जाते, आणि शेवटी पडद्यावर ‘बॅकअप पूर्ण’ असे उमटते.

यापेक्षाही भयंकर प्रकार एका मुंडकाराच्या (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) घराच्या प्रकरणात झाला. त्या फोल्डरमध्ये ‘अर्ज’ नावाची जुनी फाइल होती आणि वारसांची नावे दुरुस्त केलेली ‘अर्ज!’ ही अंतिम फाइल होती. बॅकअपने पहिल्या फेरीत ‘अर्ज’ घेतला, दुसऱ्या फेरीत ‘अर्ज!’ मधले चिन्ह खाऊन पुन्हा ‘अर्ज’च घेतला, आणि दोन्ही वेळा कोणतीही चूक दाखवली नाही, कारण त्या नावाची फाइल खरोखरच अस्तित्वात होती. परत आणलेल्या फोल्डरमध्ये ‘अर्ज’ दिसल्यामुळे कोणाला संशय आला नाही. मामलेदारांपुढे जायच्या वेळी ताईंनी कागद चाळला, तेव्हा मयत मुंडकाराच्या विधवेचे नावच त्यात नसल्याचे त्यांना दिसले. त्यांनी सगळे काम बाजूला सारून हस्तलिखित टिपणांवरून अर्ज पुन्हा टाइप केला. मला त्या एवढेच म्हणाल्या, “दादा, ते चिन्ह मी मुद्दाम घातलं होतं, फाइल लगेच नजरेस पडावी म्हणून.” त्यांच्या आवाजात अपराधीपणा होता, आणि मला सर्वांत जास्त राग आला तो त्याचा. अपराध त्यांचा नव्हता.

संगणकाची देखभाल पाहणाऱ्या सल्लागारांना मी फोन केला, तर त्यांनी शांतपणे सांगितले की तुमच्या माणसांना फाइलींना नीट नावे द्यायला शिकवा, इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांपलीकडे काही वापरू देऊ नका. हे उत्तर ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. विंडोज फाइलीच्या नावात नऊ चिन्हे चालत नाहीत असे स्पष्ट बजावते आणि ती टाइप केली तर तिथल्या तिथे अडवते. उद्गारचिन्ह त्या नऊमध्ये नाही, टक्क्याचे चिन्ह नाही, & नाही, ^ (कॅरेट) नाही, गोल कंस नाहीत. ज्या प्रणालीने ही चिन्हे मोकळेपणाने वापरू दिली, तिच्याच पोटातला कमांड प्रोसेसर, म्हणजे बॅच फाइली वाचून चालवणारा सीएमडी, त्या चिन्हांना अडखळतो, आणि दोष मात्र दिलेल्या मुभेप्रमाणे वागणाऱ्या ताईंचा, हा कुठला न्याय?

आणि गोव्यात नावे ‘साधी’ ठेवायची तरी कशी? जमिनीचे जवळपास कोणतेही प्रकरण घ्या, त्याला एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे हे दाखवणारा सरकारी कागद, लागतो, आणि त्या उताऱ्याच्या छापील इंग्रजी नावातच एक आणि चौदा या दोन रोमन आकड्यांच्या मध्ये & बसलेला आहे. ते नाव काही आमच्या कचेरीने ठेवलेले नाही. तरी लॉगमध्ये साधी ओळ लिहावी म्हणून मजकूर उमटवणाऱ्या एको कमांडपुढे ते नाव टाकले, की पहिला आकडा उमटतो आणि चौदाचा आकडा ही नवी कमांड समजून चालवायला घेतली जाते. मग चौदा नावाची अंतर्गत किंवा बाह्य कमांड ओळखता येत नाही, असा शेरा मिळतो. त्या चिन्हापुढे योगायोगाने एखाद्या खऱ्या कमांडचा शब्द आला असता, तर ती कमांड निमूटपणे चालली असती. पोस्टमनने पाकिटावरचे नाव हुकूम समजून पाळायला घ्यावे, तसा हा कारभार आहे. त्यातही नावात मोकळी जागा सोडू नका, हा उपदेश मनावर घेऊन कोणी आकडे आणि चिन्ह सलग लिहिले आणि ती फाइल बॅच फाइलीवर ओढून सोडली, तर आणखी वाईट अवस्था होते, कारण नावात मोकळी जागा असेल तरच एक्सप्लोरर त्याला अवतरणचिन्हांत घालतो. सलग लिहिलेले नाव उघडेच जाते आणि & पाशी फुटते. म्हणजे सल्ला पाळणाऱ्यालाच फटका.

टक्क्याची कथा तर पैशांची कथा आहे. फ्लॅटच्या व्यवहारात पक्षकाराला पाठवायच्या सूचनेचा मजकूर एक बॅच फाइल तयार करते. त्यात ‘५०% आगाऊ, ५०% नंतर’ अशी सरळ ओळ होती. पहिल्या आणि दुसऱ्या टक्क्याच्या मधला मजकूर व्हेरिएबल समजला गेला, त्या नावाचे काही नव्हते म्हणून तो कोरा झाला, आणि सूचनेत ‘५० नंतर’ एवढेच उरले. मी हाताने तीच ओळ कमांड प्रॉम्प्टवर टाइप करून पाहिली, तर ती जशीच्या तशी उमटली! प्रॉम्प्टवर अनोळखी नाव तसेच राहते आणि फाइलीत ते पुसले जाते. फॉरच्या व्हेरिएबलला प्रॉम्प्टवर एक टक्का लागतो आणि फाइलीत दोन. एकाच प्रोसेसरचे दोन दाराशी दोन कायदे असतील, तर माणसाने चाचणी घ्यायची कुठे?

कंसांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण फार बोललो तर रक्तदाब वाढेल. ‘प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)’ हे नाव विंडोजने स्वतः ठेवले आहे. तरी अट तपासणाऱ्या इफ कमांडच्या कंसात त्या मार्गाचे व्हेरिएबल अवतरणांशिवाय उलगडले, की नावातला बंद होणारा कंस इफचाच कंस बंद करतो आणि अमुक शब्द ‘या वेळी अनपेक्षित’ होता असा संदेश येतो. कोणत्या ओळीत, हे त्यात कधीच नसते. कॅरेटचे तंत्र तर पाठ करूनही पाठ होत नाही: अवतरणांबाहेर तो पुढच्या चिन्हाचे बळ काढतो, अवतरणांत स्वतःच साधे चिन्ह होतो, एका कमांडचे उत्तर दुसरीला देणाऱ्या पाइपच्या दोन्ही बाजूंना मजकूर पुन्हा एकदा वाचला जातो म्हणून तिथे तो वाढवावा लागतो, आणि कॉल कमांडमधून गेला तर अवतरणांतला कॅरेट न मागता दुप्पट होतो.

माणसांच्या नावांचे जे हाल होतात, ते मला सर्वांत जिव्हारी लागतात. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज दस्तांवर चाललेली प्रकरणे आमच्याकडे नेहमी असतात, आणि त्यांतल्या नावांत शेपटीचा सी आणि नागमोडी रेघेचा ए हवाच. जुन्या नोटपॅडमध्ये नेहमीच्या असलेल्या एएनएसआय पद्धतीने लिहिलेली बॅच फाइल १२५२ कोडपेजने (कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्याने) लिहिली जाते आणि कन्सोल, म्हणजे कमांडची खिडकी, ती ४३७ ने वाचतो, म्हणून कन्सेसांव या नावातल्या त्या सीचा ग्रीक टाउ होतो आणि एचा ग्रीक पाय. ४३७ हे कोडपेज १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीबरोबर आलेले आहे आणि आजही आमच्या कन्सोलवर तेच बसलेले आहे. सर्व लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीचे कोडपेज ६५००१ करा म्हणावे, तर जुने नोटपॅड यूटीएफ-८ फाइलीच्या आरंभी अदृश्य खूण घालते आणि बॅच फाइलीची पहिलीच ओळ ‘ओळखता येत नाही’ म्हणून नाकारली जाते.

देवनागरीला तर त्या ४३७ मध्ये जागाच नाही. फोल्डरमधली यादी डीर कमांडने मजकूर फाइलीत काढली, तर ‘गावकार’ या नावाच्या जागी सहा प्रश्नचिन्हे येतात, कारण त्यातले काने स्वतंत्र मोजले जातात. इथवरही मी गप्प बसलो असतो; पण याच प्रोसेसरच्या भाषेत प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा आहे. ती यादी पुन्हा वाचून जुन्या फाइली काढून टाकणारी दुसरी बॅच फाइल असेल, तर ‘गावकार’ पुसण्याच्या नावाखाली त्याच प्रकारच्या, सहा किंवा त्याहून कमी अक्षरी नावांच्या सगळ्या फाइली जातील. ज्या चिन्हाने ‘मला हे अक्षर माहीत नाही’ असे सांगायचे, त्याच चिन्हाने ‘काहीही चालेल’ असेही सांगायचे, आणि हे दोन्ही अर्थ पुसण्याच्या कमांडपर्यंत एकत्र पोहोचू द्यायचे, हे मला आजतागायत पटलेले नाही.

पासवर्डचा जाच ताजाच आहे, म्हणून तोही इथेच मांडतो. ज्या सर्व्हरवर आमची प्रत जाते त्यांचा नियम असा की पासवर्डात विशेष चिन्ह असलेच पाहिजे. समजा पासवर्ड ‘कोकम%१०!’ असा आहे. बॅच फाइलीत टक्क्यापुढचा एक म्हणजे फाइल चालवताना तिच्या नावापुढे दिलेला पहिला शब्द, म्हणजे आर्ग्युमेंट. तो दिलेला नसतो, म्हणून टक्का आणि एक दोन्ही जातात, मागोमाग उद्गारचिन्ह जाते, आणि सर्व्हरपुढे ‘कोकम०’ जाऊन उभे राहते. सर्व्हर नकार देतो, बॅच फाइल पुन्हा प्रयत्न करते, आणि काही नकारांनंतर खाते बंद होते. पासवर्ड बरोबर, टाइप करणारा बरोबर, सर्व्हरही बरोबर. मधल्या एका प्रोसेसरने तो वाटेत कुरतडला. आणि फोनवर पलीकडचा माणूस मला विचारतो की कॅप्स लॉक चालू होते का.

हे सगळे जुने आहे म्हणून सोडून द्या, असे सांगणाऱ्यांचे म्हणणे मला मान्य नाही. टक्क्याचे चिन्ह डॉसच्या काळापासूनचे आहे हे खरे. पण आजचा सीएमडी १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर आला आणि उद्गारचिन्ह खाणारे डिलेड एक्सपान्शन विंडोज २००० मध्ये घातले गेले, म्हणजे नावांत हे चिन्ह वापरण्याची मुभा डॉसच्या काळापासून असताना. युनिक्स प्रणालीच्या बॉर्न शेल या कमांड प्रोसेसरमध्ये १९७९ पासून एकेरी अवतरणात ठेवलेला मजकूर जसाच्या तसा राहतो, त्याला कोणी हात लावत नाही. सीएमडीमध्ये तशी एकही जागा नाही. माझी मागणी चमत्काराची नव्हती: जिथे मी नाव ठेवीन तिथे ते नावच राहील, अशी एक जागा मला हवी होती. ‘पॉवरशेल वापरा’ हे वाक्य मला कोणी ऐकवू नये. विंडोजचा तो नवा कमांड प्रोसेसर २००६ पासून आहे हे मलाही माहीत आहे, तिथेही नावातल्या चौकोनी कंसांचा वेगळा ताप आहे, आणि कचेरीतल्या सगळ्या जुन्या बॅच फाइली नव्याने लिहिण्यासाठी मला कोणी कामातून सुट्टी दिलेली नाही.

डिलेड एक्सपान्शन आधी बंद ठेवा, नाव घ्या, मग लूपच्या आत सेटलोकल कमांडने चालू करा आणि फेरी संपताच एंडलोकलने ते बदल मिटवा, हा उपाय मी लगेच करून पाहिला. त्याने उद्गारचिन्हे वाचतात, पण एंडलोकलबरोबर लूपमध्ये मोजलेली फाइलींची संख्याही पुसली जाते, आणि एंडलोकल लिहायचे राहिले तर सेटलोकलची ३२ पातळ्यांची मर्यादा गाठून सगळे ठप्प होते. शेवटी रात्रीचा बॅकअप मी रोबोकॉपीवर नेला. ती कमांड व्हिस्टापासून विंडोजमध्येच आहे, तिला फक्त फोल्डर दाखवायचे असते, आणि आतली नावे बॅच फाइलीच्या हातात जातच नाहीत. तिचा लॉग आता नलमध्ये जात नाही. तो रोज सकाळी छापून माझ्या टेबलावर येतो आणि मी तो ओळ न ओळ वाचतो. सल्लागारांनी फाइलींच्या नावांबद्दल पाठवलेले परिपत्रक मी वकीलसाहेबांना दाखवून बाजूला ठेवले आहे, आणि ताईंना सांगितले आहे की उद्गारचिन्ह लावायचे ते खुशाल लावा, एक-चौदा जसा छापला आहे तसाच लिहा, आणि पक्षकाराच्या नावावरची नागमोडी रेघ कोणाच्याही सांगण्यावरून काढू नका.